नसलेल्या धानाचा ओलावा

आमच्या संस्थेत संगणक प्रणाली आली त्या दिवशी व्यवस्थापकांनी जाहीर केले होते की, यापुढे प्रत्येक गोष्टीची नोंद होईल. ते तितकेसे खरे ठरले नाही. किश्शांसाठी तिच्यात रकाना नाही. त्यामुळे प्रणाली आल्यापासून जे जे घडले ते सर्व माझ्याकडेच साठत गेले. मी जुनी मॅट्रिक आहे. वस्तू जागच्या जागी नसली की मला चैन पडत नाही. म्हणून म्हटले, एकदा हे उतरवून ठेवावे.

आमची संस्था धान पिकवणाऱ्यांची, सहकारी. सभासदांचे धान उतरवून घ्यायचे, गोदामात ठेवायचे आणि ट्रकने गिरणीवर पोचवायचे, एवढेच काम. केंद्रे तीन: मुख्य कामठ्याला, दुसरे तिरोड्याला आणि तिसरे देवरीच्या पुढे, जंगलालगतच्या टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर. मी मानद सचिव. आवक रजिस्टर गेली तीस वर्षे माझ्या हाताचे आहे आणि त्यात खाडाखोड नाही.

व्यवस्थापक कटरे साहेब कामठ्याचेच. शिक्षण व्यवस्थापनाचे, पण घरी धानाची शेती. खळ्यावर स्वतः उभे राहून माप घेणारे गृहस्थ. ‘अंदाजाने चालणारा कारभार बंद झाला पाहिजे,’ हे त्यांचे आवडते वाक्य. त्यासाठीच त्यांनी प्रणाली आणली. रोज सकाळी पडद्यावर तीन केंद्रांची तीन वर्तुळे दिसत. हिरवे म्हणजे काम उत्तम, पिवळे म्हणजे लक्ष द्या, लाल म्हणजे निर्णय घ्या.

पहिल्या महिन्यापासून देवरीकडचे वर्तुळ लाल होते.

*

प्रणाली बसवायला नागपूरहून एक इंजिनिअर आले होते. अत्यंत नम्र. त्यांनी सर्व संचालकांना समोर बसवले, वही उघडली आणि अध्यक्षांना विचारले, “सर, आपण रोज साधारण किती निर्णय घेता? त्यानुसार मी रिपोर्ट तयार करतो.”

आमचे अध्यक्ष पटलेभाऊ. स्वभावाने सज्जन. ते बराच वेळ विचार करत राहिले.

मग म्हणाले, “आमी निर्णय घेतच नाई जी. आमी मीटिंग घेतो!”

इंजिनिअरांनी वहीत काहीतरी लिहिले. काय लिहिले ते त्यांनी दाखवले नाही.

*

त्याच दिवशी प्रत्येकाला प्रणालीतले अधिकार वाटण्यात आले. व्यवस्थापकांना सर्वाधिकार. केंद्रांवरच्या माणसांना नोंद करण्याचा अधिकार. माझ्या नावापुढे लिहून आले, ‘फक्त पाहणे’.

तीस वर्षे रजिस्टर लिहिलेल्या व्यक्तीला फक्त पाहणे! मी कटरे साहेबांकडे पाहिले. तेच अवघडले. “बाई, वयाचा विचार करून कामाचा भार कमी केला इतकंच.”

अध्यक्ष म्हणाले, “कायचा कमी केला? बाईनं नुसतं पाह्यलं तरी आमाले घाम फुटते!”

*

माझे रजिस्टर पाहून संगणकात आकडे भरण्यासाठी वैशाली नावाची मुलगी नेमली. गोंदिया शहरात वाढलेली, बी.कॉम., हुशार. घरी हिंदीच बोलणारी. चार दिवस तिने मान खाली घालून काम केले. पाचव्या दिवशी रजिस्टर घेऊन माझ्याकडे आली.

“आजी, हे लाभ कोण आहेत?”

“कोण लाभ?”

“हे बघा ना. प्रत्येक पानावर आहेत. रोज कोणा ना कोणाबरोबर धान आणतात. आपले सगळ्यात मोठे सभासद हेच असतील. पण यांचा सभासद क्रमांकच सापडत नाही!”

मी तिला समोर बसवले आणि सांगितले. आमच्याकडे धान मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत. लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार, असे माप चालते. ‘एक’ म्हणून धानाला सुरुवात केली की तेवढ्यावरच थांबेल, अशी जुन्या माणसांची समजूत. कोणी एकच पोते आणले तर त्याच्या नावापुढे मी रजिस्टरात ‘लाभ’ असेच लिहिते. माझ्या आधी ज्यांचे रजिस्टर होते, तेही तसेच लिहीत.

“म्हणजे लाभ म्हणजे वन?”

“म्हणजे एक.”

तिने मान डोलावली आणि लाभ दिसेल तेथे एकचा आकडा भरू लागली. मात्र त्या दिवशी सकाळी तिने लाभ यांच्या नावाने नवीन सभासदत्वाचा अर्ज तयार केला होता, तो मी जपून ठेवला आहे. छायाचित्राची जागा रिकामी आहे.

*

ट्रक उशिरा पोचला की प्रणाली कारण विचारते. कारण दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कारणांची यादी इंजिनिअरांनीच करून दिली होती: पाऊस, वाहनातील बिघाड, मजुरांची अडचण. एवढीच.

आमचा ड्रायव्हर गोंदियाचा. त्याची कारणे या यादीत बसणारी नव्हती.

“मॅडम, रोड पे भैंस बैठ गयी थी.”

“मॅडम, साली की शादी थी, खाना खाके निकला.”

वैशाली बिचारी यादीतले पहिलेच कारण निवडून मोकळी होई. पहिले कारण पाऊस होते.

मे महिन्यात संचालकांची सभा भरली. बाहेर रस्त्यावरचे डांबर चपलेला चिकटत होते. कटरे साहेबांनी आलेख दाखवला आणि गंभीरपणे सांगितले, “या महिन्यात अठरा दिवस पाऊस झालेला आहे.”

एक संचालक उठून खिडकीपाशी गेले, बाहेर पाहिले आणि जागेवर येऊन बसले.

“डेटा समोर आहे,” साहेब म्हणाले. “उन्हाळी धान गोदामाबाहेर पडलेलं आहे. साठ ताडपत्र्या तातडीने मागवाव्यात.” ठराव मंजूर झाला. ताडपत्र्या आल्या, पोत्यांवर चढल्या. हमाल तोंड फिरवून हसत होते.

चौथ्या दिवशी दुपारी अवकाळी पाऊस आला. गारांसह! आजूबाजूच्या सर्व गोदामांबाहेरचे धान भिजले. आमचे एक पोतेही ओले झाले नाही.

पुढे तालुक्याच्या मेळाव्यात कटरे साहेबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. ‘माहितीवर आधारित निर्णय’ या विषयावर ते पंधरा मिनिटे बोलले. ड्रायव्हर आणि मी मागच्या रांगेत होतो.

मेहुणीच्या लग्नाचा भाषणात उल्लेख नव्हता.

*

तिरोड्याच्या केंद्राचे वर्तुळ मात्र कायम हिरवे. पाऊस असो, हमालांचा संप असो, हिरवेच. साहेब प्रत्येक सभेत सांगत, “तिरोड्याचा आदर्श घ्या.”

आदर्श कसा घ्यावा हे विचारण्यासाठी मी तेथील केंद्रप्रमुखांना दूरध्वनी केला. मागे हमालांच्या पत्त्यांच्या डावाचा आवाज येत होता. मी विचारले, “आपलं वर्तुळ नेहमी हिरवं कसं?”

ते प्रांजळ गृहस्थ. म्हणाले, “आकडे मीच भरतो ना, बाई. लाल केलं का साहेबाचा फोन येते. पिवळं केलं त साहेबच येते. हिरवं ठेवलं का कोनीच येत नाई!”

*

आता दसारामविषयी सांगते. दसाराम हा देवरीकडच्या केंद्राचा गोदामपाल. केंद्रावर तो एकटाच. वजन तोच करतो, कुलूप तोच लावतो, झाडतोही तोच.

प्रशिक्षणासाठी त्याला कामठ्याला बोलावले होते. इंजिनिअरांनी धानाचा ओलावा मोजण्याचे नवे मीटर आणले होते. ते दाखवण्यापूर्वी त्यांनी सहज विचारले, “आतापर्यंत ओलावा कसा मोजायचात?”

दसारामने पोत्यातला एक दाणा उचलला, दाताखाली धरला, कट् असा आवाज केला आणि म्हणाला, “चौदा.”

“असं चालणार नाही, काका. सिस्टीमला दशांश लागतो.”

दसारामने दुसरा दाणा चावला. “चौदा पॉइंट दोन.”

सगळे हसले. इंजिनिअरांनी मीटर लावले. पंधरा पॉइंट एक. “बघा! म्हणून यंत्र लागतं.”

दसारामने मान डोलावली. जेवणानंतर मीटर बंद पडले. इंजिनिअरांनी आतले सेल बदलले आणि त्याच पोत्यावर पुन्हा लावले. चौदा पॉइंट दोन.

“सेल उतरले होते, हे तुम्हाला कळलं होतं?” इंजिनिअरांनी विचारले.

“कळलं होतं जी. पन तुमी नवे मानूस. म्हटलं, कायले बोला.”

त्या दिवशी त्याला एक टॅबलेट देण्यात आला. अक्षरे मराठी, आकडे मराठी. रोज संध्याकाळी महामार्गाच्या बसथांब्यापर्यंत सायकलने जायचे, तेथे नेटवर्क येते, आणि दिवसभराची नोंद पाठवायची. दसारामने एक दिवसही चुकवला नाही.

आणि त्याचे वर्तुळ एक दिवसही लाल सोडून दुसरे झाले नाही.

*

सहा महिने झाले तेव्हा प्रणालीने देवरीकडच्या केंद्रासमोर आपण होऊन लिहिले, ‘बंद करण्यास योग्य’. कारण दिले, ‘एकूण आवक शून्य’.

कटरे साहेबांनी ठरावाचा मसुदा केला. केंद्र बंद, दसारामची सेवा समाप्त. वाईट वाटले त्यांनाही. “पण बाई, सहा महिन्यांत एक पोतं नाही. तेथे माणूस बसवून करायचं काय?”

त्याच दुपारी वैशाली माझ्याकडे आली.

“आजी, एक गंमत आहे. देवरीचं धान शून्य आहे. पण त्या धानाचा ओलावा रोज येतो. काल तेरा पॉइंट आठ होता.”

मी कटरे साहेबांना विचारले, “नसलेल्या धानाला ओलावा कसा?”

“ते वेगळ्या पानावर असतं, बाई,” ते म्हणाले.

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने निघाले.

बसथांब्यावर दसाराम सायकल घेऊन उभा होता. मी कॅरिअरवर बसण्याचा प्रश्नच नव्हता. सायकल मध्ये ठेवून आम्ही दोघे चालत गेलो. त्याने गोदामाचे दार उघडले. उघडले म्हणजे वीतभर उघडले, पुढे उघडेना. आतून पोती टेकली होती. खालपासून पत्र्यापर्यंत पोतीच पोती! पडवीतही थप्पी लागली होती आणि दसारामचे टेबल मोहाच्या झाडाखाली आले होते.

“दसाराम, ट्रक काऊन नाही मागवला?” ‘का’ऐवजी माझ्याही तोंडून काऊन निघून गेले.

“मांगतला ना जी. चार खेपा फोन केला. साहेब म्हनाले, स्क्रीनवर माल नाई. म्या म्हटलं, डोयासमोर हाय. साहेब म्हनाले, डोयाची एन्ट्री होत नाई.”

तेवढ्यात फुलवंताबाई आल्या. पलीकडच्या टोल्यावर राहतात. सायकलच्या मधल्या दांड्यावर एक पोते आडवे टाकून चालत आल्या होत्या. तेथे सगळ्या बायका असेच आणतात. सायकलवर एकच पोते बसते. दसारामने वजन केले, दाणा चावला, टॅबलेटवर बोट फिरवले आणि मोठ्याने म्हणाला, “लाभ!”

“केंद्र बंद होनार म्हनते, खरं का वो बाई?” फुलवंताबाईंनी मला विचारले. “मंग मी कुठी जाऊ? देवरीपावतर सायकल लोटत नेली त अख्खा दिवस जाते. बसवाला पोत्याले चढू देत नाई. तो म्हनते, तू बस, पोत्याले खाली ठेव. मी एकली तिथं जाऊन का करू?”

मी टॅबलेट मागून घेतला आणि झाडाखाली बसून दसारामच्या वहीशी ओळ न् ओळ ताडून पाहिली. फुलवंताबाई, लाभ. सगुणाबाई, लाभ. जानकाबाई, लाभ. सहा महिन्यांच्या नोंदी. मला एकही चूक सापडली नाही. मी लिहिले असते तर असेच लिहिले असते.

फक्त खाली बेरीज शून्य होती.

“बेरीज मशीन करते जी,” दसाराम म्हणाला. “म्या हात नाई लावत.”

कामठ्याला परत आल्यावर वैशालीने एका दृष्टिक्षेपात सांगितले, “आजी, आकड्यांच्या रकान्यात अक्षरं लिहिली की मशीन त्याला शून्य धरते. कामठ्याला मी लाभचा एक करून भरते ना. तिथे करणारं कोणी नाही.”

मी तिला ते पुन्हा सांगायला लावले. तिने पुन्हा तेच सांगितले.

*

मी कटरे साहेबांना लेखी कळवले, तीन प्रतींत. त्यांनी तिन्ही प्रती वाचल्या.

“चूक दसारामची आहे, बाई. आकडा टाकायचा होता. आता मागच्या तारखा बंद झालेल्या आहेत, त्यात कोणालाही हात घालता येत नाही. मलासुद्धा नाही. अहवाल संचालकांकडे गेला. अहवालात शून्य आहे, तर निर्णय शून्यावरच होईल. नाहीतर पुन्हा अंदाजाचा कारभार सुरू!”

सभा भरली. नियमाप्रमाणे सात संचालक, मी त्यांतली एक. अध्यक्ष मत देत नाहीत. मते समसमान पडली तरच त्यांनी द्यायचे. आजवर तशी वेळ त्यांच्यावर आलेली नव्हती. दसारामला खुलाशासाठी बोलावले होते. तो दाराजवळच्या स्टुलावर बसला होता. हातात टॅबलेट, स्वच्छ पुसलेला, परत करण्यासाठी आणलेला.

मी गोदामात पाहिले ते सांगितले. एक संचालक म्हणाले, “बाई खोटं बोलनार नाई. पोते असतीन. पन कागदावर शून्य हाय ना! उद्या कोनी विचारलं, शून्यासाठी ट्रक काऊन धाडला, त का सांगावं?”

दोघातिघांनी माना हलवल्या.

“मतदान घेऊ,” कटरे साहेब उभे राहिले. “केंद्र बंद करावे या बाजूने असतील त्यांनी हात वर करा.”

हात वर झाले. साहेब बोट फिरवत मोठ्याने मोजू लागले.

“लाभ, दोन, तीन, चार.” त्यांनी कागदावर लिहिले. “विरोधात?”

मी हात वर केला. आणखी दोघांनी केला. आम्ही तिघेच होतो हे मोजल्याशिवायही दिसत होते.

“चार विरुद्ध तीन. ठराव मंजूर.”

दसाराम स्टुलावरून उठला. टॅबलेट टेबलावर ठेवायला आला आणि ठेवता ठेवता थांबला.

“साहेब, एक विचारू का जी?”

“विचार.”

“आपल्या सिस्टीममंदी लाभ म्हंजे शून्य ना?”

“हो. तेच तर सांगतोय सकाळपासून.”

“मंग तुमचा पैला हात शून्य झाला. ह्या बाजूनं तीन, त्या बाजूनं तीन.”

पहिला हात ज्यांचा मोजला गेला होता त्या संचालकांनी तो हळूच टेबलाखाली घेतला. वैशालीने इतिवृत्ताची लेखणी उचलून धरली होती, ती तशीच राहिली. कटरे साहेबांनी आपल्या कागदाकडे पाहिले. मग पडद्याकडे पाहिले. मग कागदावरच्या चारावर काट मारून तीन लिहिले.

शेवटी अत्यंत शांतपणे म्हणाले, “मते समसमान. अध्यक्षांनी निर्णय द्यावा.”

पटलेभाऊ दचकले. त्यांनी आधी पडद्याकडे पाहिले, लाल वर्तुळाकडे. मग माझ्याकडे पाहिले. मी काही बोलले नाही. मला फक्त पाहण्याचा अधिकार आहे.

त्यांनी रुमालाने कपाळ पुसले.

“देवरीकडं ट्रक धाडा,” ते म्हणाले. “आजच.”

“किती ट्रक, भाऊ?” साहेबांनी विचारले.

“लाभ धरून चार!”